देवघरामागचा कान

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातली माणसं आपापली सँडविचेस उघडायची आणि वरदा तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये जाऊन बसायची. डबा डेस्कवरच राहायचा. एका कानात इअरबड, दुसरा कान दाराकडे, मांडीवर फोन. फोनमध्ये तिच्याच घराचा हॉल दिसायचा: जमिनीवर गादी, गादीवर झोपलेली सोळा महिन्यांची उर्वी, आणि तिच्या पायाशी कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सासूबाई.

सासूबाई, म्हणजे श्यामलाताई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्याच आई, नाशिकहून सहा महिन्यांसाठी परदेशात, मिल्टन कीन्सला आल्या होत्या. वरदाची रजा संपली होती, नर्सरीत सप्टेंबरपर्यंत जागा नव्हती, आणि वरदाच्या नवऱ्याने, परीक्षितने, फोनवर अर्धं वाक्य बोलायच्या आत त्यांनी बॅग भरायला घेतली होती. अशा बाईवर गुपचूप कॅमेरा लावण्याला काय म्हणावं? वरदाने पुष्कळ शब्द लावून पाहिले होते. "काळजी" हा त्यातल्या त्यात बरा दिसायचा.

कल्पना देविकाची. देविका शेजारच्या टीममधली. तिने तिच्या नॅनीसाठी असाच एक घेतला होता. "सासूसाठी नको हं वापरूस," ती हसून म्हणाली होती, "नॅनी निदान राजीनामा तरी देऊ शकते." वरदाही हसली होती, आणि त्याच संध्याकाळी तिने ऑर्डर केला होता.

जागा शोधताना तिने रीतसर तीन अटी मांडल्या. ती स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. होती, आणि कशाची लाज वाटत असली की तिला अटी मांडायची सवय होती. जवळ प्लग हवा. सगळी खोली दिसायला हवी. आणि तिथे कोणाचा हात जायला नको. तिन्ही अटींत बसणारी जागा एकच निघाली. हॉलच्या कोपऱ्यातल्या शेल्फवर छोटं लाकडी देवघर होतं, लग्नानंतर नाशिकहून हातातल्या सामानात आलेलं. त्याच्या मागे भिंतीपर्यंत चार बोटं जागा. तो काड्यापेटीएवढा पांढरा कॅमेरा मागच्या जाळीला टेकवला की बाळकृष्णाच्या डोक्यावरून सगळा हॉल दिसे.

एक गोष्ट मात्र तिच्या यादीत यायची राहून गेली. देवघरासमोर माणूस बसतो, आणि बसला की बोलतो.

उर्वी झोपली की आई स्टूल ओढून देवासमोर बसायच्या आणि बाळकृष्णाला सकाळपासूनचं सगळं सांगायच्या. शेजारणीशी बोलावं तसं, सावकाश. आज पोरीने वरण खाल्लं. परीक्षित बारीक झालाय. मी धुतलेली बाटली वरदा पुन्हा धुते. धुऊ दे बापडी. टॉयलेटच्या झाकणावर बसून वरदा हे ऐकायची आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. बंद करायला बोट पुढे जायचं आणि आवाज वाढवून मागे यायचं.

बोलता बोलता आई थांबायच्या. दोन-तीन सेकंद, कधी जास्त. मान हलवायच्या, "हं" म्हणायच्या, मग पुढे. ज्या बाईला चाळीस वर्षं नवऱ्याने वाक्य पुरं करू दिलं नाही, ती समोरच्याला बोलायला जागा सोडत असणार, मग समोर देव का असेना, असं वरदाने ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी आई म्हणाल्या, "डावा." थांबल्या. "मनगटापासून. मुंग्या येतात, आणि मग हात माझा राहतच नाही." थांबल्या. "महिना झाला असेल." बराच वेळ थांबल्या. "कशी सांगू? सांगितलं तर पोरीला माझ्या हातात द्यायची नाही ती."

तेवढ्यात टॉयलेटमध्ये कोणीतरी आलं आणि वरदाने फोन उलटा ठेवला.

मग तिथेच बसून तिने डाव्या हाताच्या मुंग्यांबद्दल मिळेल ते वाचलं, आणि वाचलं नसतं तर बरं असं झालं. तासाभरावरच्या पिनरला परीक्षितच्या वडिलांचे जुने मित्र होते, डॉक्टर कमलाकरकाका. एक फोन पुरला असता. पण काकांचा पहिला प्रश्न असणार, तुला कसं कळलं? परीक्षितचाही तोच. आणि आईंचाही.

बुधवारी सकाळी आई आंघोळीला गेल्यावर तिने कॅमेरा काढला, उर्वीच्या जुन्या मोज्यात कोंबला आणि पर्सच्या तळाशी टाकला. वाटलं, सुटले. पण कळलेली गोष्ट अशी काढून मोज्यात घालता येत नाही. रोज संध्याकाळी आई उर्वीला उचलून दाराशी यायच्या, वरदा आधी त्यांच्या डाव्या मनगटाकडे बघायची, आणि मग "काय म्हणतेय आमची चिमणी" वगैरे म्हणायची. हाताबद्दल एक अक्षर नाही. तीन दिवस.

२

शनिवारी म्युझियमला जायचा बेत परीक्षितचा होता. पाऊण तासावरची जुनी हवेली, महायुद्धाच्या काळात सरकारने ताब्यात घेतलेली, आता तिथे हेरगिरीचं प्रदर्शन.

"कसलं म्युझियम म्हणालास?" मागच्या सीटवरून आईंनी विचारलं. त्यांच्या शेजारी कारसीटमध्ये उर्वी आपला बूट चाटत होती.

"हेरांचं, आई. खऱ्याखुऱ्या हेरांचं. सिनेमातल्यांचं नाही."

"म्हणजे लोकांच्या घरात कान लावून बसणाऱ्यांचं."

"अगं, देशासाठी."

"हो, ज्याचा त्याचा काहीतरी देश असतोच," आई म्हणाल्या. "वरदा, तिचा बूट काढू का गं? पोटात माती जायची."

"काढा ना, आई," वरदा समोर बघत म्हणाली. एका राउंडअबाउटवरून गाडी वळली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पायाशी पर्स होती. मोज्यातली ती वस्तू पायाला लागत नव्हती, तरी वरदाने पाय आखडून घेतले होते.

हवेलीच्या दाराशी गळ्यात निळी फीत घातलेला माणूस नम्रपणे म्हणाला की बाबागाडी, म्हणजे पुशचेअर, तळमजल्यावर चालेल, पण तळघराचा जिना अरुंद आहे, तिथे मुलांना उचलून न्यावं लागेल.

"मी घेते की," आईंनी हात पुढे केले.

"नको," वरदा म्हणाली. फार पटकन म्हणाली. उर्वीचा दंड तिने असा धरला की पोरगी कुरकुरली.

आईंनी हात मागे घेतले आणि पदराला पुसले, जणू ते ओले होते.

"अगं घेऊ दे की आईला," परीक्षित म्हणाला. "इतके दिवस कोण घेतंय?"

वरदाला यावर देण्यासारखं उत्तर होतं, आणि तेच तिला देता येत नव्हतं.

३

वरच्या खोल्या बघण्यासारख्या होत्या. पोकळ टाचेचा बूट. बटणात लपवलेला कॅमेरा, वरदाच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी देखणा. परीक्षित प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. उर्वी पुशचेअरमध्ये बसून काचांवर हात आपटत होती.

सगळ्यात मोठ्या खोलीत काही काचेआड नव्हतं. गालिचा, दोन आरामखुर्च्या, फायरप्लेस, फायरप्लेसवर दिवा. तिथे एक म्हाताऱ्या बाई माहिती सांगायला उभ्या होत्या, त्यांच्याही गळ्यात निळी फीत. पकडलेले मोठे जर्मन अधिकारी इथे ठेवायचे, त्या म्हणाल्या. तुरुंगात नाही, अगदी पाहुण्यांसारखे. चांगलं जेवण, वर्तमानपत्रं, बागेत फेरफटका. आणि मायक्रोफोन. कुठे असतील, ओळखा?

"दिव्यात," परीक्षित म्हणाला.

"दिव्यातही होते. पण दिव्याजवळ माणूस सावध असतो. माणूस खरं कुठे बोलतो ते आधी शोधायचं, आणि कान तिथे ठेवायचा." त्यांनी फायरप्लेसच्या विटांवर बोटाने टकटक केलं. "इथे. दिवसाचं काम संपलं, जेवण झालं, की माणूस विस्तवापाशी येऊन बसतो. आपलं माणूस असल्यासारखं त्याच्याशी बोलतो."

वरदाने कोटाचं बटण घातलं, मग काढलं. खोलीत गरम होत होतं की काय, तिला कळेना.

"काय म्हणतात त्या?" आईंनी विचारलं. वरदाने सांगितलं. शेवटचं वाक्य जरा गाळून सांगितलं.

"त्यांना विचार," आई म्हणाल्या, "ते जे ऐकत बसायचे, त्यांना नंतर झोप लागायची का."

"आई, असं कसं विचारू?"

"विचार तर. त्यांना काय मराठी कळतंय? तूच जरा गोड करून विचार."

वरदाने गोड करून विचारलं. बाईंनी मान तिरकी केली. हे कोणी विचारत नाही, त्या म्हणाल्या. पण इथे ऐकण्याचं काम केलेल्या एक बाई खूप वर्षांनी म्हातारपणी आल्या होत्या, त्या म्हणाल्या होत्या की ऐकणं सोपं असतं. रोज ऐकायचं आणि उत्तर द्यायचं नाही, ते जमत नाही.

"काय म्हणाल्या?" आईंनी विचारलं.

"लागायची म्हणे झोप," वरदा म्हणाली.

४

ऐकणाऱ्यांची खोली तळघरात होती. परीक्षित म्हणाला, आपण दोघं बघून येऊ, आई बसेल उर्वीपाशी. आई खिडकीतल्या बाकावर बसल्या, उर्वी पुशचेअरमध्ये पट्ट्याने बांधलेली होती. पट्टा वरदाने दोनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासताना आईंनी तिच्याकडे पाहिलं, म्हणून ती निघाली.

खाली थंडी होती. ठेंगण्या छताची लांब खोली, भिंतीकडे तोंड करून ओळीने मांडलेली लहान टेबलं, प्रत्येक टेबलावर जुन्या घाटाचा काळा जाडजूड हेडफोन आणि एक बटण. पाटीवर लिहिलं होतं की अधिकाऱ्यांची संभाषणं कागदपत्रांवरून पुन्हा तयार केली आहेत, आवाज नटांचे आहेत. परीक्षित पाटीपाशी थांबला. वरदा शेवटच्या टेबलापाशी बसली, कारण तेच रिकामं होतं. हेडफोन कानावर चढवला आणि बटण दाबलं.

खरखर. कपात चमचा फिरल्याचा आवाज. दोन पुरुष जर्मनमध्ये बोलत होते, त्यातला एक खोकत होता. टेबलावर काचेखाली इंग्रजी तर्जुमा होता: कॉफीची तक्रार, बायकोचं पत्र आलं नाही, गुडघा दुखतो. किती साधं बोलतात, वरदाला वाटलं. कोणी ऐकत नाही असं समजून माणूस बोलतो ते गुपित नसतंच मुळी; गुडघाच असतो.

खोकला थांबला. खरखरही थांबली. खोली लहान झाल्यासारखी वाटली. बसल्या जागेची नव्हे, कानातली. गालिचा नाही, लॅमिनेटची फरशी. मागे बारीक घरघर, आणि त्या घरघरीत ठरावीक वेळाने कोणी घसा खाकरावा तसा आवाज. हा आवाज वरदाने झोपेतही ओळखला असता. तो तिचा फ्रिज होता. परीक्षित वर्षभर तो दुरुस्त करणार होता.

स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"कुठला हात?" एका बाईने विचारलं.

"डावा," आई म्हणाल्या.

"कुठपासून?"

"मनगटापासून. मुंग्या येतात, आणि मग हात माझा राहतच नाही."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला असेल."

"घरात का नाही सांगितलंत?"

"कशी सांगू? सांगितलं तर पोरीला माझ्या हातात द्यायची नाही ती."

वरदाचे हात टेबलावर होते. तिने ते बघितले. बोटं जागच्या जागी होती.

आपला आवाज बाहेरून ऐकू आला की माणसाला तो लगेच ओळखू येत नाही. आपल्याला वाटतो त्यापेक्षा तो पातळ असतो, आणि जास्त अदबशीर. ऑफिसात क्लायंटशी बोलताना वरदा वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली आणायची, समोरच्याला अडचण वाटू नये म्हणून. विचारणारी बाई तसाच आणत होती.

मंगळवारी वरदाने याच वाक्यापाशी फोन उलटा ठेवला होता. हेडफोन पुढे चालू राहिला.

"एकदा सुटली होती ना?"

फ्रिज खाकरला.

"आई."

"हो."

"कुठे?"

"जिन्यात. शेवटच्या पायरीवर होते. खाली धुवायच्या कपड्यांची बास्केट होती, तिच्यात पडली. हसायला लागली पडून." आईंचा श्वास ऐकू आला. "मी मात्र तिथेच बसले. उठवेचना."

"वरदाला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू," तो आवाज फार मायेने म्हणाला. "मला सांगत जा."

मग खरखर आली, खोकला आला, आणि दोन जर्मन माणसं कशावर तरी हसली.

५

वरदाला विचार करता येत होता, ही त्यातली वाईट गोष्ट होती. ब्लूटूथ, तिचा पहिला विचार. फोन कोटाच्या खिशात, ॲपमध्ये जुन्या क्लिप्स साठवलेल्या, हेडफोनने त्या पकडल्या असतील. हेडफोनची वायर कापड गुंडाळलेली, जाड, टेबलाच्या भोकातून खाली गेलेली. बरं, ब्लूटूथ नाही. मग कॅमेऱ्याचं ते बोलायचं बटण. ॲपमध्ये माइकचं चित्र होतं, दाबलं की आपला आवाज घरात उमटतो. मांडीवर फोन ठेवून बसताना तिचा अंगठा त्याच्यावर गेला असेल, ती पुटपुटली असेल. पण उर्वी हातातून सुटल्याचं तिला माहीतच नव्हतं. न कळलेल्या गोष्टीबद्दल ती कसं पुटपुटणार?

म्हणजे आपण मंगळवारी जे वाचलं त्याने डोकं फिरलंय. पाच तासांची झोप, अपराधी मन, थंड तळघर. हे तिला पटण्यासारखं होतं. तिने ते पटवून घ्यायला घेतलंही.

"परी, हे ऐक जरा."

परीक्षित वाकला, हेडफोन एका कानाला लावला, बटण दाबलं. वरदा त्याचा चेहरा बघत राहिली.

"जर्मन आहे गं. खोकतोय कोणीतरी." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "बायकोचं पत्र आलं नाही म्हणतोय बहुतेक. का, तू काय ऐकलंस?"

आत्ता. चार दिवसांत यापेक्षा बरी संधी आली नव्हती. आईचा हात बधिर होतो, आपली पोरगी जिन्यात पडता पडता वाचली, आणि मला हे कळलं कारण मी तुझ्या आईवर पाळत ठेवली होती. तीन वाक्यं. ती क्रमाने लावूनसुद्धा झाली.

"खोकलाच," वरदा म्हणाली.

परीक्षित पुढच्या पाटीकडे गेला. तेव्हा तिला आठवलं, आई आणि उर्वी वर दोघीच आहेत. पट्टा काय, उर्वी रडली तर आई काढतीलच, आणि उचलतील. वरदा जिन्याकडे धावली. मध्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं. ते बघायचं काही कारण नव्हतं.

शेवटच्या टेबलापाशी कोणीतरी बसलं होतं.

शनिवारची गर्दी होती, खुर्ची रिकामी झाली होती, कोणीही बसेल. बाई होती. पाठमोरी. वर बांधलेले केस, लहान मुलाने ओढून सैल केले की होतात तसे. खांदे कानांकडे चढलेले, मान पुढे, अंगठ्याचं नख दातांत. टॉयलेटच्या दाराला आतून आरसा होता. रोज एक वाजून दहा मिनिटांनी, फोनवरून नजर उचलली की वरदाला असंच बसलेलं कोणीतरी दिसायचं, आणि ती घाईने नजर खाली घ्यायची.

बाईने मान हलवली. "हं" म्हणताना हलते तेवढीच. मग ती टेबलावर ओणवली, जिथे वायर भोकातून खाली जात होती, आणि तिच्या जबड्याचा मागचा भाग हलला. काहीतरी विचारत होती ती. टेबलावर माइक नव्हता.

वरदाने नजर खाली घेतली आणि वर गेली.

६

वर काही झालं नव्हतं. उर्वी पुशचेअरमध्ये, पट्टा जागच्या जागी, आई तिला बोटांचा मोर करून दाखवत होत्या. उजव्या हाताच्या बोटांचा. डावा हात मांडीवर होता, ठेवून दिलेल्या वस्तूसारखा.

परीक्षित चहाच्या रांगेत उभा राहिला. रांग मोठी होती. वरदा आणि आई पुशचेअर घेऊन बाहेर हिरवळीसमोरच्या बाकावर बसल्या. ऊन होतं, पण उबेचं नव्हतं.

"आई, तुमचा डावा हात दाखवा," वरदा म्हणाली.

इतकं सोपं होतं म्हणायला. म्हणून झाल्यावर मात्र तिला आपलं तोंड कुठे न्यावं ते कळेना.

आईंनी हात पुढे केला, तळवा वर करून. "विचारलंस एकदाचं समोर बसून," त्या म्हणाल्या.

"समोर?"

"देवघरामागचा तो पांढरा डबा मी पहिल्याच आठवड्यात बघितला. पुसायला देवघर रोज पुढे ओढते ना मी. तुझ्या नसेल ध्यानात आलं, तुझा तिकडे हात जात नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर वरदाला बरं वाटलं असतं. "जसाच्या तसा ठेवायचे परत, तुझं चित्र वाकडं यायला नको म्हणून."

"आई, मी..."

"असू दे गं. मी रागावले नाही. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, लेकरू तिचं आहे, जीव राहत नसेल. आणि तू विचारायलाही लागलीस. दिवसभर मला तिथे कोण काय विचारतंय? मला आपलं बरं वाटायचं. ऑफिसात एवढी कामं टाकून ही मला विचारते, जेवलात का, पाठ कशी आहे, कोणाची आठवण येते." त्या थोडं हसल्या. "तू आपलंच नाव घेऊन विचारायचीस, त्याचं तेवढं नवल वाटायचं. 'वरदाला सांगितलंत?' म्हणे. म्हटलं, असेल इकडची पद्धत."

वरदाने कधीही विचारलं नव्हतं. जेवलात का, हेसुद्धा नाही. रोज पंचवीस मिनिटं ती त्या बाईचं सगळं ऐकत होती, आणि जेवलात का हे दुसऱ्या कोणीतरी विचारलं होतं.

"पण बुधवारी तू डबा काढून नेलास," आई म्हणाल्या.

"हो."

"काल दुपारी तू बोललीसच. तिथूनच. मी देवघर ओढून बघितलं, मागे नुसती भिंत. हात लावून बघितली." आईंनी आवाज खाली आणला, हिरवळीवर ऐकणारं कोणी नव्हतं तरी. "म्हणून तुला विचारते. ती तूच ना गं?"

वरदाने त्यांच्याकडे पाहिलं. रागवलेल्या आई तिने पाहिल्या होत्या, रडवेल्या आई फोनमध्ये पाहिल्या होत्या. हा चेहरा नवा होता. सत्तरीची बाई सोमवारी सकाळी आठपासून त्या हॉलमध्ये एकटी असणार होती, कडेवर पोर घेऊन, आणि आत्ता ती एका होकाराची वाट बघत होती. नाही म्हटलं, तर खरं बोलल्याचं समाधान वरदाला मिळणार होतं, आणि बाकी सगळं आईंना.

शिवाय, पूर्ण खोटं तरी कुठे होतं?

"हो," वरदा म्हणाली. "मीच. दुसरं एक उपकरण आहे, वर बसवलेलं. चुकलं माझं, आई."

आईंनी श्वास सोडला. खांदे खाली आले, आणि त्यांनी आपला डावा हात वरदाच्या मांडीवर ठेवला. तो गार होता, आणि त्याचं वजन जरा जास्तच वाटलं.

"मग काही नाही," त्या म्हणाल्या. "मी उगीच घाबरले. आता तुला सगळं कळलंयच तर कमलाकरभाऊजींना फोन लाव, दाखवू हात. आणि ते होईपर्यंत पोरीला मी उचलणार नाही, खालीच बसून खेळवेन. तू म्हणायच्या आधी मीच सांगते."

"आजच लावते," वरदा म्हणाली. ज्याला चार दिवस लागले होते ते एका मिनिटात झालं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, आणि आलं नाही.

दूर चहाच्या रांगेतून परीक्षितने हात हलवला. आईंनी उजव्या हाताने उलट हलवला. मग त्या पुशचेअरकडे वाकल्या, उर्वीची टोपी सारखी केली, आणि तिच्याकडेच बघत म्हणाल्या,

"एकच मागणं आहे, वरदा. मला विचार काय हवं ते, मी सांगेन. पण तिला नको विचारत जाऊस. झोपलेली असते, उठवून विचारतेस. ती आता उत्तरं द्यायला लागलीये."

उर्वीने टोपी ओढून डोळ्यांवर घेतली. ती काय उत्तरं देते, हे आता वरदाला विचारता येणार नव्हतं. आणि तिला काय विचारलं जातं, हे तर मुळीच नाही. विचारणारी म्हणून ते वरदाला माहीतच असायला हवं होतं.

आई वाट बघत होत्या.

"नाही विचारणार," वरदा म्हणाली.